परशरामअण्णांची उजवी बाजू

परशरामअण्णा अमेरिकेत स्वतः गाडी चालवणार, ही बातमी निपाणीतल्या त्यांच्या गल्लीत पसरली तेव्हा खुद्द अण्णांनाही ती नवीनच होती. ठरवलं होतं गुंडाप्पानं, अमेरिकेत बसून, सकाळच्या फोनवर. आणि अण्णा फोन कानाला लावून बोलले तरी चौकापर्यंत ऐकू जातं.

"नीलमच्या घरातनं निघायचं, माझ्या दारात उतरायचं. तीन तासाचा रस्ता," गुंडाप्पा म्हणाला. "मधी बस न्हाय, आगगाडी न्हाय. माझ्या खुब्यात लोखंड बसवलंय, मला घटकाभराच्या वर गाडीत बसू देत न्हाईत. तवा तू यायचं. गाडी भाड्यानं मिळती. चालवाय येती न्हवं तुला?"

"येती की!" अण्णा म्हणाले.

कीर्तनात बघा, नारदमुनी जाता जाता एक शब्द टाकून जातात आणि मग पुढचा दीड तास तिन्ही लोकांत धावपळ चालते. अण्णांचं "येती की" हे त्या जातीचं होतं.

गुंडाप्पा म्हणजे अण्णांच्या भिंतीला भिंत लागून राहिलेला तंबाखूचा व्यापारी. घराणं जैनाचं, पण कीर्तनाचं वेड अण्णांपेक्षा काकणभर जास्तच. सप्ताह कुठंही असो, संकेश्वरला असो नाहीतर पार कणकुंबीच्या रानात, पहिल्या ओळीत मांडीला मांडी लावून ही जोडी बसलेली असायची. मग गुंडाप्पाची बायको, कांतावहिनी, गेल्या. एकुलता एक मुलगा श्रेयांस बापाला आपल्याकडे अमेरिकेला घेऊन गेला आणि मागच्या वर्षी निपाणीतलं घरही विकलं. आता अण्णा आणि त्यांची बायको जयाबाई नीलमकडे, अमेरिकेतल्या मुलीकडे, महिनाभर सुट्टीला निघाले होते. या खेपेला भेट झाली तर झाली. पुढं कोण कुणाकडं येणार, हे दोघांपैकी कुणी तोंडावर आणत नव्हतं. त्याऐवजी रोज सकाळी फोनवर भांडत होते.

राहता राहिला प्रश्न गाडीचा. हायवे रुंद झाल्यापासून अण्णांनी स्टिअरिंग सोडलं होतं. शेवटची खेप कोगनोळीच्या अलीकडची. अण्णा बाजूच्या रस्त्यावरून हायवेवर चढायला मोकळी जागा शोधत थांबले, आणि इतका वेळ थांबले की मागचा ट्रॅक्टरवाला उतरून आला, "काका, सरका जरा," म्हणाला आणि त्यानं गाडी हायवेला लावून दिली. त्या दिवसापासून गाडी अंगणात खोळ घालून उभी होती. बॉनेटवर मांजरीची दोन वेतं झाली.

"येती की म्हणं!" जयाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मांजरीला इचारून बघा, कवा हलवली होती ती."

गल्लीत मारुतीराव म्हणून एक गृहस्थ आहेत. ते आठ दिवस दुबईला जाऊन आल्यापासून गल्लीतलं सगळं परराष्ट्र खातं त्यांच्याकडे आहे. ते संध्याकाळी मुद्दाम आले.

"अण्णा, तिकडं सगळं उलटं. आपलं डावं ते त्यांचं उजवं. ऐनवेळी मेंदू दगा देतो. आत्तापासनं त्येला वळण लावा. चालताना, फिरताना, उठता बसता, उजवी बाजू सोडायची न्हाय."

अण्णा मूळचे श्रद्धाळू. सांगणारा ठाम असला की मानायचं, ही त्यांची सवय. दुसऱ्या दिवशी ते बाजारपेठेतून उजव्या बाजूनं चालले. वाटेत दोन सायकली, एक दूधवाला आणि मनुबाईंची मिरच्यांची बुट्टी आडवी आली. पहिल्या तिघांनी अण्णांना चुकवलं. बुट्टीला चुकवता येईना.

"अण्णा, डोळं कुठं हायत?" मनुबाई मिरच्या गोळा करत म्हणाल्या.

"मेंदूला वळण लावतोय," अण्णांनी खुलासा केला. मनुबाईंनी पुढं काही विचारलं नाही. एवढ्या चांगल्या घरातल्या माणसाला काय विचारणार?

पण खरा घोटाळा झाला तो देवळात. अण्णांच्या तोंडी नाम, मनात अमेरिका, आणि पायांना नवीन लागलेलं वळण. विठोबाला नमस्कार करून ते प्रदक्षिणेला निघाले ते थेट उलटे. समोरून येणाऱ्या बायकांना आधी वाटलं, अण्णा कुणाला तरी शोधतायत. दुसऱ्या फेरीला समोरासमोर मनुबाईच आल्या. मिरचीची आग अजून गेली नव्हती.

"अगं बाई! अण्णा उलटी प्रदक्षिणा घालाय लागलेत!"

साऱ्या जन्मात अण्णांची एकादशी चुकली नव्हती, काकडा चुकला नव्हता, आणि आज गाभाऱ्याभोवती ते असे फिरत होते, की जणू आजवर कमावलेलं सगळं पुण्य उसवून परत न्यायला आलेत. रात्री जेवणं व्हायच्या आत गोष्ट घराघरांत गेली. जयाबाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटे नवऱ्याला देवळात नेलं, उलट्या जितक्या झाल्या त्याच्या दुप्पट सुलट्या घालून घेतल्या आणि स्वतः खांबाजवळ उभं राहून पहारा केला. मारुतीरावांना गल्लीत दोन दिवस चहा मिळाला नाही.

त्यानंतर बेळगावची कचेरी. परदेशात चालणारा परवाना काढायचा तर आधी देशातला लागतो. अण्णांचा परवाना होता कोल्हापूरकडचा, कारण उमेदीच्या काळात ते कागलला मामाकडे राहायचे. आणि घर निपाणीचं. म्हणजे परवानगी महाराष्ट्राची आणि माणूस कर्नाटकातला. साहेबांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"तुम्ही नक्की इकडचे का तिकडचे?"

"साहेब," अण्णा हात जोडून म्हणाले, "हे माझ्या जन्माच्या आधीपासनं ठरंना झालंय. त्येचा निकाल लागंस्तवर मला अमेरिकेला जाऊन येऊ द्या."

साहेब मनापासून हसले आणि "नाळे बर्री" म्हणाले. 'उद्या या' हे कुणी हसून सांगितलं की ते जास्तच लांबतं. कोल्हापूरचा कागद बेळगावला यायला चंद्रावरून यावा इतके दिवस लागले. मग डोळे तपासले. मग अर्ज आला, तो अण्णांनी अस्खलित कानडीत भरला. तो वाचून खूष झालेल्या साहेबांनी परवाना दिला आणि ते लगेच मराठीत बोलायला लागले. आमच्या भागात माणसं अशी एकमेकांच्या अंगणात जाऊन बसतात. भांडणं काय ती पेपरात.

तर, पेनसिल्व्हेनिया. नीलम आणि जावई स्वरूप दोघंही नोकरीला, रविवारसुद्धा लॅपटॉप मांडीवर. पण जावई मोठा सालस. त्यानं भाड्याची गाडी आणून दिली आणि चर्चच्या मोकळ्या आवारात सासऱ्यांची उजळणी घेतली. आवारात अण्णा उत्तम चालवत होते. तिथं डावं-उजवं असं काही नव्हतंच, आणि समोर येशूचा पुतळा हात पसरून उभा होता. तो आपल्यालाच धीर देतोय असं अण्णांना वाटलं. त्यांनी प्रत्येक फेरीला त्यालाही नमस्कार केला.

चौथ्या दिवशी ते रस्त्यावर उतरले आणि पहिल्याच डाव्या वळणाला, जन्मभराच्या सवयीनं, थेट डाव्या बाजूला घुसले. समोर पिवळी शाळेची बस. बस थांबली. बसमागच्या गाड्या थांबल्या. अण्णांच्या मागच्याही थांबल्या. आणि कुणी हॉर्न वाजवला नाही की कुणी काच खाली करून आईबाप काढले नाहीत. सगळे नुसते शांतपणे बघत बसले. कुणी एखादी सणसणीत शिवी हासडली असती तर अण्णांना आधार वाटला असता. त्या शांततेत गाडी मागे घेताना त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि गुंडाप्पाला फोन लावला.

"गुंड्या, मला जमंना."

नेहमी एवढ्यावर भांडण सुरू व्हायचं.

"बरं," गुंडाप्पा म्हणाला. "न्हाय तर न्हाय." आणि फोन ठेवला.

आता गुंडाप्पा भांडला नाही, म्हणजे प्रकरण किती खोल गेलं असेल, हे कळायला अण्णांना कुणी प्रवचन द्यायला नको होतं. जेवणात त्यांचं लक्ष लागेना. तासाभरानं फोन परत वाजला.

"परशा, आपली जीप आठवती का रं?"

जीप! जुनी, लष्करातनं लिलावात सुटलेली जीप गुंडाप्पाच्या बापानं तंबाखूच्या फेऱ्यांना घेतली होती. दिवसा तिच्यात तंबाखूची बोदं, गोणपाटात बांधलेली गाठोडी, असायची आणि सप्ताहाचे दिवस आले की कीर्तनकार बुवा. पंचक्रोशीतल्या सप्ताहांना बुवांना आणायचं आणि पोचवायचं काम या दोघांनी अंगावर घेतलं होतं. मागं बुवा मांडीवर वीणा घेऊन बसलेले, त्यांच्या पायाशी टाळकरी. तंबाखूच्या वासानं बुवांना शिंका यायच्या आणि दोन शिंकांच्या मधी ते संध्याकाळचं निरूपण घोळवायचे. तवंदीचा घाट चढताना अण्णांचं निम्मं लक्ष मागं असायचं. एकदा ध्रुव बाळाला सावत्र आईनं मांडीवरनं ढकललं, त्या भरात अण्णांनी घाटात गाडी बंद पाडली आणि सगळे टाळकरी खाली उतरून ढकलत वर आले. बुवा मात्र आत बसून होते. ध्रुवाला अढळपद मिळेपर्यंत त्यांना उतरता येत नव्हतं.

"आठवती की," अण्णा म्हणाले.

"तिचं स्टिअरिंग कुठल्या अंगाला हुतं?"

स्टिअरिंग डावीकडं होतं. जीप याच अमेरिकेत जन्मलेली. निपाणीच्या रस्त्यावर डावीकडं स्टिअरिंग म्हणजे पुढच्या उसाच्या गाडीपलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणून उजव्या बाजूला गुंडाप्पा बसायचा, मुंडी बाहेर काढून बघायचा आणि "थांब" नाहीतर "जा" म्हणायचा. तो "जा" म्हणाला की अण्णा डोळे झाकून जायचे. किती वर्षं असा कारभार चालला, आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"तवा चुकीच्या बाजूला बसून चालवलीस," गुंडाप्पा म्हणाला. "आता बरोबर बाजूला बसायचं तर तुला घाम फुटतोय व्हय रं?"

किल्ली जावयाकडून परत आली. आता एकच अडचण: वळणावर मेंदू दगा देतो त्याचं काय? यावर तोडगा काढला जयाबाईंनी, चहाचे कप विसळता विसळता.

"कीर्तनात बुवा बोलत बोलत कुठल्या कुठं जात्यात. मग त्यास्नी अभंगावर परत कोण आणतंय? टाळकरी. ध्रुपद धरत्यात म्हणून. मी धरतो तुमचं ध्रुपद. तुम्ही चालवा."

आमच्याकडं बायकाही असंच 'मी धरतो, मी जातो' म्हणतात. त्यात काही चूक नाही.

शनिवारी सकाळी गाडी निघाली. मागच्या सीटवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू. गाडीतल्या नकाशाच्या बाईनं इंग्रजीत "डावीकडे वळा" म्हटलं की जयाबाई मांडीवर टाळी देऊन भैरवीच्या चालीत सुरू करत, "उजवीकडं राहावं, देवा, उजवीकडं राहावं..." वळण पूर्ण होऊन गाडी सरळ लागेपर्यंत ध्रुपद चालू. दोन-तीन वळणांनंतर अण्णाही सूर धरायला लागले. चौथ्या वळणाला त्यांनी मध्येच एक आलाप घेतला, तेव्हा जयाबाईंनी त्यांना दटावलं. बुवांनी वाहवत जायचं नसतं.

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना मका लागला. डोक्याएवढा, हिरवागार. अण्णा म्हणाले, "ऊसच म्हण की." आणि समोर बघतात तो काय, रस्त्यावर घोडागाडी! काळी, पेटीसारखी, चालवणारा दाढीवाला, डोक्यावर गवती टोपी. मोटार न वापरणारे शेतकरी लोक राहतात त्या भागात, नीलमनं सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. अण्णांचा जीव एकदम भांड्यात पडला. संकेश्वरच्या कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्यांच्या मागं त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं. ओलांडून जायची हिंमत नव्हतीच. मागं मागं जायला मात्र ते तरबेज होते. ते घोड्याच्या चालीनं चालले. आणि आपण मागं आहोत हे गाडीवानाला कळावं, म्हणून आपल्याकडच्या रीतीनं अधूनमधून हळूच हॉर्न देत राहिले. पीं. थोड्या वेळानं पुन्हा, पींपीं.

अण्णांच्या मागं गाड्यांची रांग लागली. मग रांगेतून लाल-निळे दिवे आले.

आता कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली की काय करायचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. साहेब सावलीला खुर्चीत असतात. आपण उतरायचं, कागदांची पिशवी काखेत मारायची, अदबीनं चालत जायचं आणि नमस्कार घालायचा. गाडीतच बसून राहतो तो एक तर आमदाराचा मेहुणा, नाहीतर उद्धट. अण्णा दोन्ही नव्हते. ते उतरले, पिशवी काखेत मारली आणि हात जोडून पोलिसाच्या गाडीकडे चालू लागले.

"गाडीत परत जा!" भोंग्यातून इंग्रजीत आवाज आला.

भोंग्यातून आलेलं बोलणं आपल्यासाठी नसतं, ते मंडपाच्या मागच्या लोकांसाठी असतं, हा अण्णांचा अनुभव. ते हसतमुखानं आणखी पुढं गेले. तो तरुण पोलीस दाराच्या आडोशाला सरकला.

"अवो! त्यो तुमच्यावर वरडतोय!" जयाबाई खिडकीतून म्हणाल्या.

"माझ्यावर कशाला वरडंल? माझ्याकडं सगळी कागदं हायत."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मात्र अण्णांचे दोन्ही हात वर गेले, कीर्तनात नामाच्या गजराला जातात तसेच. पिशवी खाली पडली. कोल्हापूरचा कागद मक्याच्या दिशेनं उडाला. पोलीस जवळ आला, त्यानं आधी अण्णांकडं बघितलं, मग जयाबाईंनी खिडकीतून पुढं केलेल्या लाडवाकडं, आणि त्याचा चेहरा सैलावला. कागद त्यानंच धावत जाऊन आणला.

"हॉर्न कशाला वाजवत होता?"

"मी मागं आहे, हे कळावं म्हणून. आदरानं," अण्णांनी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं.

"इकडं असा हॉर्न म्हणजे शिवी समजतात."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "अगं," ते जयाबाईंना म्हणाले, "मी इतका वेळ त्या सज्जन माणसाला शिव्या देत आलोय!" आणि पोलिसाला म्हणाले, "मी त्यांची माफी मागू का? पळत जाऊन गाठतो."

पोलिसानं त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. माफी मागायची नाही, उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. पिवळी रेघ तुटक दिसली आणि समोर रस्ता मोकळा असला की सरळ ओलांडून जायचं. मागं सगळं गाव खोळंबलंय. लाडू त्यानं घेतला नाही, पण वास घेतला.

घोडागाडीची पुढच्या टेकाडावर पुन्हा गाठ पडली. रेघ तुटक झाली. अण्णांची मान सवयीनं उजवीकडं वळली, "जा" ऐकायला.

"माझ्याकडं काय बघताय?" जयाबाई म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं?"

अण्णांनी समोर बघितलं. रस्ता दिसत होता. सगळा, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत, धुतल्यासारखा मोकळा. बाहेर मुंडी काढायला कुणी नको होतं. याच अंगाला बसून इतकी वर्षं जीप चालवली, पण पुढचं कधी स्वतःला दिसलं नव्हतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण बाजूची जागा एकदम रिकामी वाटली, जयाबाई बसलेल्या असूनही. "रामकृष्ण हरी," असं पुटपुटून त्यांनी पाय दाबला. गाडी ओलांडताना त्यांनी हॉर्नवरचा हात उचलून कपाळाला लावला. दाढीवाल्यानं टोपीला बोट लावलं.

"गेलो की गं!" अण्णा ओरडले.

"पुढं बघा," जयाबाई म्हणाल्या. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

गुंडाप्पाच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. तो चार पायांच्या काठीला धरून दारात उभा होता. खूप वाळला होता. धोतर, टोपी, सगळं कडक इस्त्रीचं.

"उशीर केलास," तो म्हणाला. "जागचा हलू नको." आणि मागं वळून आत गेला. तो परत यायला वेळ लागला. सून प्रिया एक स्टूल आणि परात घेऊन आली. तिच्या मागून गुंडाप्पा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पितळेचा तांब्या.

कीर्तनाला बुवा आले की यजमान दारातच त्यांचे पाय धुतो आणि मगच त्यांना आत नेतो. त्या वेळी गाडी चालवणारा माणूस जीपला सावली शोधत असतो, इंजिनात पाणी ओतत असतो. तेव्हा अण्णा साहजिकच मागं वळून गाडीकडं बघायला लागले.

"कोण येणार हाय?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाय. पाय वर घे. मला वाकाय येत न्हाय."

"गुंड्या, याड लागलं काय तुला? लोकं बघत्यात."

समोरच्या घरातली गोरी म्हातारी झाडांना पाणी घालायची थांबून खरोखरच बघत होती.

"बघू दे. ब्रेकवर कुठला पाय असतोय?"

"उजवा."

"मग त्यो आधी दे. लई दमला असंल."

अण्णांनी पाय स्टुलावर ठेवला. पाणी बर्फासारखं गार होतं, पण अण्णांनी पाय मागं घेतला नाही.